धडा पुस्तकात असतो, पण पोरांपर्यंत पोचतो का? अण्णा भाऊ साठे, शाळा आणि एक संशोधन-प्रश्न



पेट पास झालात, आता सिनॉप्सिस लिहायचाय. या टप्प्यावर येणारा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, एखादा चांगला विषय सांगा ना." खरं सांगू का, विषय सापडणं अवघड नसतंच. अवघड असतं ते विषयातून प्रश्न काढणं. 'अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्या : एक अभ्यास' हा विषय झाला. त्यात प्रश्न कुठंय? 'एक अभ्यास' या दोन शब्दांमागे काय शोधायचं ते लपून बसतं आणि समितीपुढं नेमकं तिथंच बोट ठेवलं जातं.

हा विषय माझ्या मावसभावाचा. तो एम.ए. मराठी, बी.एड. झालाय आणि बीडमध्ये राहून संशोधनाची तयारी करतोय. मी एम.एस्सी. रसायनशास्त्र, आता माझी पीएच.डी. मातीच्या रसायनावर चाललीय. साहित्याचं मला काय कळतं, असं म्हणून मी सुरुवातीला अंग काढून घेतलं होतं. पण त्याच्या विषयावर दोन महिने बोलता बोलता जे हाती लागलं, ते कुठल्याही शाखेतल्या नव्या संशोधकाच्या उपयोगाचं आहे असं मला वाटतं. म्हणून आजचा लेख.

आधी लेखकाची ओळख

मराठीत 'राजकीय कादंबरीकार' म्हटलं की दोन नावं पटकन पुढं येतात. एक ग. त्र्यं. माडखोलकर, ज्यांची 'मुक्तात्मा' 1933 साली आली. दुसरे अरुण साधू, ज्यांची 'सिंहासन' 1977 ची आणि तिच्यावरचा सिनेमा 1979 चा. एकात स्वातंत्र्यलढ्याच्या काळातले विचार आणि माणसं, दुसऱ्यात मंत्रालय, मुख्यमंत्री, पत्रकार. या यादीत अण्णा भाऊ साठ्यांचं नाव बहुतेक जण घेत नाहीत. ते 'लोकशाहीर' या खणात असतात, नाहीतर 'दलित साहित्य' या खणात.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं मूळ नाव. जन्म 1 ऑगस्ट 1920, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. मांग समाजात जन्म. गावात पोट भरेना म्हणून आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला. तिथं मिळेल ते काम, मग गिरणी, मग कम्युनिस्ट चळवळ. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' गावोगाव पोचली. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. 1959 साली 'फकिरा' आली, 1961 साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. 18 जुलै 1969 ला ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. तीसहून जास्त कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्यं, आणि कादंबऱ्यांवर निघालेले अर्धा डझन सिनेमे. एवढं सगळं त्या आयुष्यात.

आता 'फकिरा' बघा. सुरुवातीलाच दोन गावांतली जोगणीची चढाओढ येते. राणोजी शेजारच्या गावातून जोगणी आणतो आणि त्यात जिवानिशी जातो. त्याचा मुलगा फकिरा. दुष्काळ पडतो, साथ येते, माणसं अन्नावाचून मरायला लागतात. फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो, पुढं सरकारी खजिन्यावर हात टाकतो. इंग्रज सरकार त्याच्या लोकांवर हजेरी बसवतं. म्हणजे गुन्हा केलेला असो-नसो, अमुक जातीत जन्मलास म्हणून ठरल्या वेळी चावडीवर येऊन उभं राहायचं. या हजेरीमागे गुन्हेगार जमाती कायदा होता, पहिल्यांदा 1871 साली केलेला आणि स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये रद्द झालेला. शेवटी आपल्या माणसांना सोडवण्यासाठी फकिरा स्वतः सरकारच्या हवाली होतो. आणि ही गोष्ट 'एक जात विरुद्ध दुसरी जात' अशी सरळ रेघ ओढत नाही. गावचे विष्णुपंत कुलकर्णी उपाशी माणसांच्या बाजूनं उभे राहतात. कादंबरी भांडते ती भुकेशी आणि भुकेल्यालाच गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याशी.

ही राजकीय कादंबरी नाही तर काय आहे? फरक इतकाच की इथलं राजकारण विधानभवनातलं नाही. धान्याच्या कोठाराचं कुलूप कुणाच्या हातात, हे इथलं राजकारण आहे.

संशोधकासाठी इथं पहिला धडा. तुमच्या शीर्षकातल्या प्रत्येक मोठ्या शब्दाची व्याख्या तुम्हीच करायची असते आणि ती कामाला येईल अशी करायची असते. 'राजकीय' म्हणजे काय? भावानं असं ठरवलं : ज्या कथानकात पात्रांच्या अडचणीचं कारण नशीब किंवा स्वभाव नसून कायदा, मालकी, मजुरी किंवा सत्ता हे आहे, ते कथानक राजकीय. ही व्याख्या तुम्हाला पटेल किंवा नाही पटणार. पण तिच्यावर वाद घालता येतो, आणि दुसरा माणूस तीच व्याख्या घेऊन तीच पुस्तकं तपासू शकतो. कामचलाऊ व्याख्या म्हणतात ती हीच.

आमचा पहिला प्रयत्न आणि तो कसा फसला

भावाच्या विषयाचा दुसरा भाग होता 'शालेय शिक्षणातील स्थान'. मला वाटलं, हे तर सोपं आहे. मोजायचं. बालभारतीची स्थापना 1967 ची. तेव्हापासूनची मराठीची पुस्तकं गोळा करायची. कोणत्या इयत्तेत, कोणत्या वर्षी अण्णा भाऊंचा पाठ किंवा कविता आहे ते टिपायचं. सोबत आणखी चार लेखकांचं टिपायचं, आलेख काढायचा. विज्ञानाच्या मुलीला आलेख दिला की ती खूश.

बीडमधल्या रद्दीवाल्यांकडून, जुन्या विद्यार्थ्यांच्या माळ्यांवरून पुस्तकं जमवली. आमच्या घरी ओसरीवर ती पसरून बसलो होतो. एक रकाना वर्षाचा, एक इयत्तेचा, एक पाठाचा क्रमांक. आई शेंगा फोडत बाजूला बसली होती. काय चाललंय म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, या लेखकाचा धडा किती पुस्तकात हाय ते मोजतोय. ती म्हणाली, "पुस्तकात हाय, बरं. पन वाचायला लेकरं कुठं असतेत तवा? फडावर असतेत ना."

माझे आई-वडील बावीस हंगाम ऊसतोडीला गेले. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मार्च-एप्रिलमध्ये परततात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या भागात दिवाळीनंतर कितीतरी वस्त्यांवर म्हातारी माणसं तेवढी दिसतात. लेकरं आजीजवळ राहिली किंवा हंगामी वसतिगृहात राहिली तर शाळा होते. नाहीतर तीही कोपीत.

मी पाचवीत असताना गेले होते. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. आमची टोळी वाळवा तालुक्यात होती.

हो, अण्णा भाऊंचाच वाळवा तालुका. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. ज्या भागातून एक पोरगा 1930 च्या सुमाराला पोटासाठी बाहेर पडला, त्याच भागात सत्तरएक वर्षांनी आम्ही पोटासाठी गेलो. मधल्या काळात तिथं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. पोटासाठी घर सोडणाऱ्यांचा जिल्हा तेवढा बदलला.

आईच्या त्या एका वाक्यानं आमचा आलेख निकामी झाला. खरं तर निकामी नाही, अपुरा. आम्ही पुस्तकातला पाठ मोजत होतो आणि समजत होतो की आम्ही शाळेतलं स्थान मोजतोय.

मातीत असणं आणि पिकाला मिळणं

ही चूक माझ्याच विषयात पहिल्या वर्षाच्या मुलालाही माफ नसते, म्हणून मला जास्त लाज वाटली. माती परीक्षणाचा अहवाल तुम्ही पाहिला असेल. त्यात 'उपलब्ध स्फुरद' असं लिहिलेलं असतं. नुसतं 'स्फुरद' नाही. मराठवाड्यातल्या अनेक जमिनी चुनखडीच्या. अशा जमिनीत स्फुरद भरपूर असू शकतं, पण ते कॅल्शियमशी बांधलं जातं आणि मुळांना घेता येत नाही. एकूण स्फुरद मोजून 'जमीन सकस आहे' म्हटलं तर शेतकरी फसतो. म्हणून आपण सोडियम बायकार्बोनेटचं 8.5 सामूचं द्रावण वापरून फक्त तेवढाच भाग ओढून काढतो, जो पिकाला मिळण्यासारखा आहे. ओल्सेनची पद्धत, 1954 ची, अजून चालते.

मग अण्णा भाऊंच्या बाबतीत 'एकूण' आणि 'उपलब्ध' वेगळं कसं करायचं?

शिक्षणशास्त्रात यासाठी तयार चौकट आहे, ती आम्हाला नंतर सापडली. टिम्स नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी घेणारी आयईए ही संस्था अभ्यासक्रमाचे तीन थर मानते : ठरवलेला, शिकवलेला आणि मुलांनी आत्मसात केलेला. आपल्याकडे त्यात चौथा घालावा लागतो, परीक्षेत विचारलेला. कृष्ण कुमार यांनी 1988 मध्ये भारतातल्या 'पाठ्यपुस्तक संस्कृती'वर एक निबंध लिहिला. ब्रिटिश काळापासून आपल्या शाळेत पुस्तक आणि परीक्षा यांची गाठ कशी पडली आणि शिक्षकाच्या हातात निवड कशी उरली नाही, हे त्यात आहे. तो वाचला की चौथ्या थराची गरज कळते. असे चार थर धरले :

पहिला थर, पुस्तकातला. पाठ आहे का, कोणता आहे, किती पानांचा, कितवा.

दुसरा थर, वर्गातला. तो शिकवला गेला का, किती तासिका, कोणत्या महिन्यात.

तिसरा थर, परीक्षेतला. त्यावर प्रश्न आला का आणि कसला आला. 'लेखकाचे पूर्ण नाव लिहा' हा एक प्रश्न, आणि 'भीमाला स्मशानात का जावं लागलं?' हा दुसरा प्रश्न. दोन्हींना गुण असतात, पण दोन्ही सारखे नाहीत.

चौथा थर, मुलाच्या डोक्यातला. वर्षभरानंतर त्याला काय आठवतं आणि ते तो स्वतःच्या जगण्याशी जोडतो का.

आईचं म्हणणं दुसऱ्या थरावर येऊन बसतं. पाठ पुस्तकात कितवा आहे, ही गोष्ट ऊसतोड कामगाराच्या लेकरासाठी साधी नाही. पहिल्या सत्रातला पाठ त्याला मिळतो. दुसऱ्या सत्रात तोच पाठ गेला तर तो पुस्तकात असूनही त्याच्यासाठी नाही. पाठाचा क्रमांक हा आमच्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा चल घटक निघाला. आणि तो आम्ही आधीच टिपत होतो, नुसता रकाना भरायचा म्हणून.

'दीड दिवसाची शाळा'

आता दुसरी बाजू. अण्णा भाऊ शाळेत असतात ते फक्त मराठीच्या पुस्तकातून नाही. ते दर वर्षी 1 ऑगस्टला येतात. याच दिवशी, 1920 साली, मुंबईत लोकमान्य टिळक गेले आणि वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले. त्यामुळे शाळेत एकाच टेबलावर दोन फोटो, दोन हार, आणि मुलांची भाषणं. आणि 1 ऑगस्टला ऊसतोडीची लेकरं गावातच असतात! म्हणजे जयंती सगळ्यांना मिळते, पाठ सगळ्यांना मिळेलच असं नाही.

मीही भाषण केलंय, सातवीत. वहीत उतरवून घेतलेलं, पाठ केलेलं. त्यात सगळ्यात जोरात म्हणायचं वाक्य होतं ते त्यांच्या दीड दिवसाच्या शाळेचं. फक्त दीड दिवस शाळेत गेलेला माणूस एवढा मोठा साहित्यिक झाला, मग आपण का नाही होणार? टाळ्या पडल्या, कंपास पेटी मिळाली. त्या वेळी मी अण्णा भाऊंची एक ओळही वाचलेली नव्हती. पुढची दहा वर्षंही वाचली नाही.

वाचली ती एम.एस्सी.च्या वसतिगृहात, मैत्रिणीच्या खाटेवर पडलेल्या पुस्तकात. 'स्मशानातील सोनं'. वारणेच्या काठचा भीमा कामासाठी मुंबईला येतो, दगडाच्या खाणीत लागतो. खाण बंद पडते. घरात बायको, लेक. एके दिवशी नदीकाठी मढ्याच्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तो राख चाळायला लागतो, पुढं पुरलेली मढी उकरायला लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजावं लागतं, आणि मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. ती बोटं कापावी लागतात. आणि नंतर कळतं की खाण पुन्हा सुरू झालीय. पहाड फोडणारा हात गेल्यावर काम आलं.

ती कथा वाचून मी रात्रभर जागी होते. कोल्ह्यांमुळं नाही, उचलीमुळं. काम असतं तेव्हा हात विकायचे आणि काम नसतं तेव्हा जे मिळेल ते करायचं, हे मला फार जवळून ठाऊक होतं. मला वाटत आलं होतं की हे फक्त आमच्या घरातलं, कुणाला सांगण्यासारखं नसलेलं आहे. आणि इथं तर ते छापलेलं होतं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.

मग माझ्या सातवीतल्या भाषणाचा मला राग आला. दीड दिवसाची शाळा ही शाबासकीची गोष्ट म्हणून सांगितली गेली. ती तर तक्रारीची गोष्ट होती. एवढ्या ताकदीच्या माणसाला शाळेत का टिकता आलं नाही, हा तिच्यातला प्रश्न. पण 'जिद्द असेल तर शाळेवाचूनही अडत नाही' असा तिचा अर्थ लावून तीच गोष्ट आपण अशा लेकरांना सांगतो, ज्यांची शाळा दिवाळीनंतर बुडणार आहे. लेखकाचं आयुष्य शाळेत आलं आणि त्याचं लिखाण दाराबाहेर राहिलं. आयुष्यही असं आलं की त्यातला काटा काढून ठेवलेला.

हे माझं मत झालं. संशोधनात मताला किंमत नसते, ते तपासता येईल अशा रूपात आणावं लागतं. तर असं : जयंतीची भाषणं, फलक आणि भाषणसंग्रह गोळा करायचे. त्यांतल्या प्रत्येक वाक्याला खूण करायची, हे वाक्य गरिबी-जिद्दीबद्दल आहे, लेखनाबद्दल आहे, की चळवळीबद्दल आहे. लाल बावटा, संप, हजेरीचा कायदा, दुष्काळात लुटलेलं धान्य यांचा उल्लेख येतो का? किती वेळा? दोन जणांनी वेगवेगळं बसून खुणा करायच्या आणि मग ताडून पाहायच्या. जुळलं नाही तर व्याख्या सुधारायची. यालाच आशय-विश्लेषण म्हणतात. आणि निकाल माझ्या रागाच्या उलट आला तर? तर तो तसाच छापायचा. मी चुकीची ठरू शकत नाही अशी मांडणी असेल तर ते संशोधन नाही, भाषण आहे.

एक नजर बाहेर

असं फक्त आपल्याकडेच होतं का? जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' 1939 साली आली. दुष्काळानं उठलेली शेतकरी कुटुंबं ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाला मजुरीला जातात, त्यांची गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या केर्न परगण्यात असे मजूर मोठ्या संख्येनं येत होते. त्याच परगण्याच्या प्रशासनानं त्याच वर्षी ती कादंबरी आपल्या शाळांतून आणि सार्वजनिक वाचनालयांतून काढून टाकली. पुढं बंदी उठली, आणि आज ती अमेरिकन शाळा-कॉलेजांत नेमलेली असते.

ही तुलना कशासाठी? बंदी दिसते, तिची तारीख असते, ठराव असतो, तिच्यावर पेपर लिहिता येतो. आपल्याकडे पाठावर बंदी नाही, फोटोला हार आहे. तरी पाठ पोचत नसेल तर त्याचा कागद कुठंच नसतो. तो तुम्हाला हजेरीपटातून, वेळापत्रकातून, मुलांच्या वह्यांतून काढावा लागतो. म्हणून हा प्रश्न करण्यासारखा.

मग प्रश्न काय ठरला?

दोन महिन्यांनी 'एक अभ्यास'चं रूप असं झालं : बीड जिल्ह्यातल्या, पालक ऊसतोडीला जातात अशा आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांपर्यंत श्रम आणि स्थलांतरावरचे मराठीचे पाठ, अण्णा भाऊंच्या लेखनासह, पुस्तक, वर्ग, परीक्षा आणि आठवण या चार थरांवर किती पोचतात? ज्यांचे पालक जात नाहीत त्यांच्या तुलनेत किती फरक पडतो?

बघा, आता यात कोण, कुठं, काय मोजायचं, कशाशी ताडायचं हे सगळं आहे. तरी यातले खड्डे आम्हाला मागाहून दिसले, ते तुमच्यासाठी देते.

एक. तुलनेचा गट नीट निवडा. ऊसतोडीला न जाणारी कुटुंबं बहुतेक वेळा जमिनीनं, पाण्यानं बरी असतात. फरक दिसला तर तो गैरहजेरीचा की गरिबीचा? म्हणून तिसरा गट घ्या, पालक जातात पण मूल वसतिगृहात किंवा आजीकडे राहतं असा. हजर मूल आणि गैरहजर मूल, दोघांची गरिबी जवळपास सारखी. त्यांच्यातला फरक जास्त बोलका.

दोन. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मुळापर्यंत नेऊन तपासा. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांचा आकडा बहुतेक लेखांत पस्तीस येतो. काही याद्यांत दीर्घकथाही कादंबरीत धरलेल्या असतात. तुम्ही आकडा लिहिणार असाल तर स्वतः यादी करा : नाव, पहिली आवृत्ती, प्रकाशक. ज्या पुस्तकाची पहिली आवृत्ती हातात घेतली नाही त्याचं साल दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नका. एकाची चूक पुढं दहा प्रबंधांत वाहत जाते.

तीन. लेकरांशी बोलताना जपून. वर्गात उभं करून 'कुणाचे आई-बाप उसाला जातात, हात वर करा' असं कधी विचारू नका. जात विचारू नका. शाळेची आणि पालकांची परवानगी लेखी घ्या, नावाऐवजी क्रमांक वापरा, उचल आणि मुकादम याबद्दल मूल काही बोललं तर ते कुणापर्यंत जाणार नाही याची काळजी घ्या. तुमची पीएच.डी. होईल, त्या कुटुंबाला पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाकडं जायचं असतं.

चार. वेळेचं गणित. हंगामाच्या आधी एक फेरी, परतल्यावर एक फेरी. तुमची नोंदणी जानेवारीत झाली तर पहिली फेरी हुकलेलीच. मग थेट जुलैपासून आखा. माझ्या पहिल्या वर्षी मी पेरणी होऊन गेल्यावर मातीचे नमुने घ्यायला निघाले होते. पूर्ण एक वर्ष गेलं.

पाच. स्वतःची जागा सांगा. मी ऊसतोड कामगारांची मुलगी आहे, म्हणून मला काही गोष्टी लवकर दिसतात. आणि म्हणूनच काही गोष्टी मला हव्या तशाच दिसण्याचा धोका आहे. प्रबंधात हे एका परिच्छेदात लिहायचं. लपवायचं नाही, मिरवायचंही नाही.

भावाचा सिनॉप्सिस आता समितीपुढं जायचाय. मंजूर होईल की परत येईल, बघू. पण एक काम आम्ही समितीची वाट न बघता केलं. 'स्मशानातील सोनं' असलेल्या संग्रहाच्या पाच प्रती आमच्या गावच्या शाळेत नेऊन दिल्या, जुलैमध्ये, पोरं गावात असतानाच. प्रबंधात हे कुठं बसत नाही, हे मला माहीत आहे.

तुमच्यासाठी आजचा गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक कागदावर लिहा. त्यातल्या 'स्थान', 'प्रभाव', 'योगदान', 'जाणीव' अशा शब्दाखाली रेघ ओढा. आता विचारा, मी हे मोजणार कसं, आणि मी जे मोजतोय ते मातीत असलेलं आहे की पिकाला मिळालेलं? उत्तर एका वाक्यात देता आलं की समजा, विषयाचा प्रश्न झाला.

आणि जमलं तर हा लेख एखाद्या अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याचा तुमच्या शाखेशी काही संबंध नाही. आमचा प्रश्न आमच्या आईनं शेंगा फोडता फोडता दुरुस्त केला. तुमच्याही ओसरीवर असं कुणीतरी असेल.